न हलण्याचं काम

अक्षर चांगलं आहे, एवढी एक गोष्ट सोडली तर ग्रंथपालांना स्वतःबद्दल फारशी खात्री कधीच नव्हती. त्यामुळे इस्पितळात स्वतःच्या नावाचा कुठलाही फॉर्म हातात आला की बायको तो मुकाट्याने त्यांच्यापुढे सरकवायची, आणि ते खिशातून शाईचं पेन काढून कामाला लागायचे. वय, पत्ता, आधीची शस्त्रक्रिया, चालू औषधं. सगळं वळणदार. ‘व्यवसाय’ या रकान्यापाशी मात्र पेन अडायचं. मग ते जरा वेळ टोपण लावायचे, काढायचे, आणि ‘चित्रशाळेत नोकरी’ असं लिहून पुढच्या रकान्यावर उडी मारायचे. बायको शेजारून बघायची.

खोटं नव्हतं ते. पण त्याला खरंही म्हणवत नव्हतं. ती सत्तावीस वर्षं चित्रशाळेत मॉडेल म्हणून बसत होती. कधी खुर्चीत, कधी उभी, कधी कपड्यांत, कधी कपड्यांशिवाय. समोर वीस-पंचवीस मुलंमुली बोर्ड लावून बसायची आणि ती अर्धा अर्धा तास पापणीशिवाय काही हलवायची नाही. मुलांनी तिचं नाव पुतळाताई ठेवलं होतं आणि तिला ते मनापासून आवडायचं. त्याच चित्रशाळेच्या वाचनालयात ग्रंथपालांची नोकरी झाली. मधल्या सुट्टीत अंग अवघडलेली ती तिथे येऊन बसायची, तिथेच दोघांचं जमलं. तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं, आणि घरात त्यांनी त्यात कधी कमीपणा मानला नाही. पण चारचौघांत तो शब्द तोंडातून निघायचा नाही. शेजाऱ्यांना, थोरल्या भावाला, मुलीच्या सासरच्यांना त्यांचं एकच उत्तर ठरलेलं. “चित्रशाळेत असते.” वाचनालयापासून तिच्या वर्गापर्यंत एकच जिना होता. तो जिना ते तीस वर्षांत एकदाही चढले नव्हते.

दोन वर्षांपूर्वी तिच्या अंडाशयात कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले आणि परत आले. नव्या आखूड केसांनिशी ती पुन्हा स्टुलावर जाऊन बसली. आणि आता, सगळं मार्गी लागलं असं वाटत असताना, तपासणीत काहीतरी दिसलं.

“ओटीपोटात, डाव्या बाजूला खोलवर एक गाठ परत आलीये,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या गोष्टी गुंडाळून सांगणाऱ्यातल्या नव्हत्या. “एकच आहे. बाकी स्वच्छ दिसतंय. या आजारात आम्ही सहसा रेडिएशन देत नाही, कारण हा एका जागी थांबत नाही. तुमचा थांबलाय. म्हणून विचार करतेय.”

“माझ्याच घरचा दिसतोय,” बायको म्हणाली. “थांबायची सवय आहे.”

डॉक्टरीणबाईंना ते कळलं नाही. ग्रंथपालांना कळलं, आणि ते चष्मा पुसू लागले.

मार्ग तीन होते. पुन्हा केमो. किंवा पाच आठवडे रेडिएशन, शनिवार-रविवार सोडून रोज, अशी पंचवीस वेळा. केमो पुढे लागली तर हाताशी राहील. किंवा आत्ता काहीच न करता दर दोन महिन्यांनी बघत राहायचं. रेडिएशनने गाठ आटोक्यात राहील अशी चांगली आशा होती, पण कायमची गेली असं त्या लिहून देणार नव्हत्या. जुलाब होतील, लघवीला जळजळेल, थकवा येईल, तिसऱ्या आठवड्यापासून जास्त. आणि मध्ये खंड पडलेला चालणार नाही.

“रोज किती वेळ?” बायकोने विचारलं.

“तयारी धरून पंधरा-वीस मिनिटं. त्यातली दहा-बारा अजिबात न हलता पडून राहायचं. लोकांना तेच जड जातं.”

बायको हसली. डॉक्टरीणबाईंनी ग्रंथपालांकडे पाहिलं, की या का हसतायत. सांगायची ती वेळ होती. ग्रंथपालांनी घसा खाकरला आणि विचारलं, “जेवणाआधी द्यायचं की नंतर?”

घरी आल्यावर त्यांनी आपलं नेहमीचं केलं. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली, डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. तीन मार्गांची तीन पानं झाली. मुलीचा फोन आला तेव्हा बायकोने तो स्पीकरवर ठेवला.

“आई, तुझं तू ठरव,” मुलगी म्हणाली. “बाबांना विचारू नकोस. ते तुला संदर्भसूची देतील.”

“दिलीये,” बायको म्हणाली. “तीन पानी आहे.”

फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसली. मग म्हणाली, “केमोत मी मी राहत नाही हो. नुसतं ओझं होते. आणि काहीच न करता बघत बसणं तुम्हाला जमेल, मला नाही.”

“म्हणजे रेडिएशन.”

“त्यात एकच खटकतंय. ते ठिपके.”

यंत्र रोज त्याच जागी नेमकं लागावं म्हणून अंगावर तीन बारीक ठिपके गोंदतात, एक बेंबीखाली आणि दोन्ही कमरेला एकेक, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. ते कायमचे.

“मोहरीएवढेसुद्धा नसतात,” ग्रंथपाल म्हणाले.

“आमच्या सरांच्या वर्गात मोहरीसुद्धा सुटत नाही. दिसतं ते काढा, एवढंच ते शिकवतात. ऑपरेशनचा वण पोरांनी काढला, तो मला चालला, तो माझ्या पोटाचा होता. हे कोणीतरी पेनाने केलेले.” ती थांबली. “तुम्हाला काय वाटतं?”

ग्रंथपालांनी वही उघडली.

“वही मिटा आणि सांगा.”

त्यांनी वही मिटली. “घ्यावं,” ते म्हणाले.

“का?”

“मला भीती वाटते म्हणून.”

“हे लिहिलंय का कुठे?”

“नाही.”

“मग खरं असणार,” ती म्हणाली आणि उठून चहाला लागली. ठरलं.

रेडिएशनच्या आखणीच्या दिवशी तिला सपाट कठीण पलंगावर निजवून स्कॅन काढला, पायाखाली तिच्या मापाची उशी बनवली, तीन ठिपके गोंदले. हे काम मशीनवरच्या मुलीचं. मुलगी म्हणायची, पण पस्तिशीची असावी. बोलायला गोड आणि मापाला कडक. बाहेर आल्यावर ती ग्रंथपालांना म्हणाली, “काका, तुमच्या काकूंसारखं पेशंट मी पाहिलं नाही. झोपल्या त्या झोपल्या. मी म्हटलं, वा, अगदी अशाच राहा, तर केसभर हलल्या नाहीत.”

ग्रंथपालांची मान उगाचच ताठ झाली. त्यांच्या तोंडावर शब्द आला होता. तेवढ्यात बायको बाहेर आली आणि तो राहिला.

दहा दिवसांनी पहिला दिवस आला. तीन पेले पाणी पिऊन, फुगलेल्या पोटाने ती आत गेली. पंधरा मिनिटं झाली, पस्तीस झाली, पन्नास झाली. मशीनवरची मुलगी दोनदा बाहेर येऊन डॉक्टरांकडे धावली. शेवटी बायको कपडे करून बाहेर आली ती चेहरा पाडूनच. रेडिएशन दिलंच नव्हतं. ठिपके जुळत होते तर आतली हाडं आखणीच्या स्कॅनशी जुळत नव्हती, हाडं जुळवली की ठिपके हटत होते. चांगला सेंटीमीटरभर फरक. तीनदा उठवून तीनदा निजवलं.

“त्या दिवशी काहीतरी वेगळं होतं,” मुलगी कपाळाला हात लावून म्हणाली. “काय ते कळत नाहीये. काकू, तुम्ही तशाच झोपलात ना?”

“आज तुम्ही म्हणालात सैल सोडा, म्हणून सोडलं,” बायको म्हणाली.

ग्रंथपालांच्या डोक्यात काहीतरी लख्ख उजाडलं. त्यांनी तिला बाकावर बसवलं आणि हळूच विचारलं, “त्या दिवशी तू पोझ घेतली होतीस का?”

“मग? चार माणसं माझ्याकडे बघत उभी. कमरेत बोटभर उचललं, डावा खुबा थोडा खाली सोडला, पोट आत. उघड्या अंगाची सवय आहे मला, गबाळ्या अंगाची नाही. वर ती पोरगी म्हणाली अशाच राहा. हे मला कोणी म्हटलं की संपलं.” मग तिचा चेहरा उजळला. “एवढंच होय? तीच पोझ पाहिजे त्यांना? घेते की. आत्ता घेते.”

हे मशीनवरच्या मुलीला सांगायला हवं होतं, आणि सांगायला बायको उठणार नव्हती. ती नुसती त्यांच्याकडे बघत होती. सत्तावीस वर्षं बघत होती तशी.

ग्रंथपाल उठले. मुलगी काचेपलीकडे संगणकासमोर बसली होती, शेजारी दोन माणसं होती.

“माफ करा,” ते म्हणाले. “फॉर्मवर मी नीट लिहिलं नव्हतं. माझी बायको मॉडेल आहे. चित्रशाळेत. सत्तावीस वर्षं. तिने त्या दिवशी तुम्हाला पोझ दिली.”

कोणी हसलं नाही. मुलगी खुर्चीतून अर्धी उठली. “म्हणून,” ती म्हणाली. “काका, हे आधी सांगितलं असतं तर मी त्यांना म्हटलंच नसतं ना, अशाच राहा म्हणून.”

“हो,” ग्रंथपाल म्हणाले. “चूक माझीच आहे.”

डॉक्टरीणबाई आल्या. बायको तीच पोझ रोज घ्यायला तयार होती, आणि ती ती घेऊ शकली असती याबद्दल ग्रंथपालांना तिळमात्र शंका नव्हती. पण डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. “तिसऱ्या आठवड्यात पोटात कळा येतील, अंगात त्राण नसेल, तेव्हा हे बोटभर उचललेलं पडणार. मला अशी निजलेली बाई पाहिजे, जी निजायला काहीच करत नाही. पुन्हा आखणी करू. नवे ठिपके द्यावे लागतील.”

“आणखी तीन?” बायको म्हणाली.

“आणखी तीन.”

खरी पंचाईत पुढेच होती. आखणीच्या पलंगावर निजलं, चार डोळे रोखले गेले, की तिचं अंग आपोआप पोझमध्ये जायचं. मुलगी म्हणायची, “काकू, काहीच करू नका.” ती म्हणायची, “तेच करतेय.” आणि कंबर बोटभर वर असायची.

“घरी तुम्ही कधीतरी सैल पडताच ना?” मुलीने विचारलं.

“हे वाचायला लागले की. दोन पानांत मेल्यासारखी पडते. आवाजच तसा आहे.”

मुलीने ग्रंथपालांना आत बोलावलं. पिशवीत पुस्तक असायचंच. त्या दिवशी होता एका पुलाच्या बांधकामाचा जुना अहवाल, रद्दीतून उचललेला. ते दाराशी उभे राहून, कानाच्या पाळ्या लाल होईतो लाजत, वाचू लागले. नदीच्या पात्राची खोली. दगडाचा दर्जा. पहिल्या खांबाच्या पायाला लागलेले दिवस. दुसऱ्या पानाच्या शेवटी मुलीने बोट वर करून खूण केली. पलंगावर बायकोचं तोंड किंचित उघडं पडलं होतं, पाय बाहेरच्या अंगाला कलले होते. सत्तावीस वर्षांत कोणी न काढलेली अशी ती दिसत होती. तशी तिला पाहिलेले ते एकटेच होते.

ती तशी पडलेली असतानाच नवा स्कॅन झाला, नवे ठिपके गोंदले गेले. पण आत यंत्र चालू असताना बाहेरच्या माणसाला थांबता येत नाही. तेव्हा मुलीने युक्ती काढली. बाकीच्या पेशंटांना त्यांची गाणी लावतात तसं काकांचं वाचन लावायचं. फोनवर बारा मिनिटं भरून घेतलं. बारा मिनिटं संपली तेव्हा अहवाल अशा जागी आला होता की तिसऱ्या खांबाचा पाया खणताना मजुरांना खाली काहीतरी लागलं, आणि मुकादमाने काम थांबवून वरिष्ठांना बोलावणं धाडलं.

मग सुरू झालं. रोज सकाळी बस, तीन पेले पाणी, पाऊण तास थांबणं, आत, बाहेर, बस. पहिल्या दोन आठवड्यांत तिने फक्त छताची निंदा केली. “वर झाडाचा फोटो लावलाय, मागून दिवे सोडलेला. सावली दोन्ही बाजूंना पडलीये. कुठल्या ग्रहावरचं झाड आहे, देव जाणे.”

तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंचा शब्द खरा झाला. दिवसातून आठ-आठ वेळा जावं लागे. पाणी पोटात ठेवायचं आणि बाकीचं रोखून धरायचं, या दोन्हींत तिचा जीव मेटाकुटीला यायचा. ग्रंथपाल कोंडा नसलेला पाव भाजून द्यायचे, केळं कुस्करून द्यायचे, औषधांच्या वेळा वहीत लिहायचे. ती चार घास खाऊन भिंतीकडे तोंड करायची. सतराव्या दिवशी ती पायात चप्पल घालता घालता खाली बसली आणि म्हणाली, “आज नको हो. एक दिवस काय होतं?”

फायदे-तोटे ग्रंथपालांच्या जिभेवर होते. त्यांनी ते गिळले. तिच्यासमोर जमिनीवर बसले, दुसरी चप्पल तिच्या पायात घातली आणि म्हणाले, “वर्गात ताप असताना बसली होतीस ना एकदा? पोरांची परीक्षा होती म्हणून.”

“तेव्हा मी चाळिशीची होते.”

“तेव्हा तुला पोझ धरायची होती. आता नुसतं पडायचंय.”

“तुम्हाला कसं कळलं तापाचं? मी सांगितलं नव्हतं.”

“खालून जिन्यापर्यंत आलो होतो,” ते म्हणाले. “वर नाही आलो.”

ती उठली. त्यांच्या खांद्याला धरून उठली.

त्या दिवशी मुलीने काचेच्या खोलीतून ग्रंथपालांना हाक मारली. “काका, इकडे या. एक मिनिट. नियमात बसत नाही, पण या.”

समोर छोट्या पडद्यावर आतली खोली दिसत होती. भिंगासारख्या डोळ्याचं मोठं यंत्र तिच्याभोवती संथ फिरत होतं. पलंगावर ती. कोपऱ्यातल्या स्पीकरमधून त्यांचा स्वतःचा किरटा आवाज दगडाच्या दर्जाविषयी सांगत होता.

“आत्ता कळ आलीये त्यांना,” मुलगी हलक्या आवाजात म्हणाली. “बोटं बघा.”

ग्रंथपालांनी पाहिलं. छातीवर ठेवलेल्या हातांची बोटं पांढरी पडली होती. कंबर, खुबे, पाय मात्र तसेच, सैल, जड, जागच्या जागी. जसं काही ती बोटं आणि ते शरीर दोन वेगळ्या बायकांची होती. कळ आली, चढली, उतरली. मुलीचा हात यंत्र थांबवायच्या बटणावर तयार होता. ते तिला दाबावं लागलं नाही.

“अकरा वर्षं करतेय हे काम,” ती म्हणाली. “सगळ्यांना शिकवावं लागतं. यांच्याकडून मी शिकतेय.”

“तिचं कामच आहे ते,” ग्रंथपाल म्हणाले. या वेळी घसा खाकरावा लागला नाही. त्यांना एकदम वाटलं की खोलीतल्या दोघातिघांनी आणखी काहीतरी विचारावं, म्हणजे आणखी सांगता येईल; आणि कोणी विचारलं नाही तेव्हा त्यांनी स्वतःच सुरुवात केली. तिची चित्रं कुठे कुठे टांगलेली आहेत, मुलं तिला काय म्हणतात, सर तिच्यासाठी वर्गाचं वेळापत्रक कसं बदलतात. यंत्र थांबेपर्यंत ते बोलत होते.

पंचवीस दिवस पुरे झाले. एकही चुकला नाही. शेवटच्या दिवशी मुलीने बायकोला दारापर्यंत सोडलं आणि ग्रंथपालांचा हात धरला. “काका, आता तरी सांगा. पंचवीस दिवस ऐकतेय. तिसऱ्या खांबाखाली काय लागलं होतं?”

ग्रंथपालांनी पिशवीतून अहवाल काढून तिच्या हातात दिला. “पान बेचाळीस,” ते म्हणाले. “पण अपेक्षा फार ठेवू नका. सरकारी अहवाल आहे.”

“सांगा हो.”

“जुन्या पुलाचा पाया. आधी कोणीतरी तिथेच बांधला होता. मग त्यावरच नवा उभा केला.”

तीन महिन्यांनी स्कॅन झाला. गाठ निम्म्याहून लहान झाली होती, आणि गप्प होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “बघत राहू. आत्ता मी खूश आहे.” त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं. खाली खिडकीशी नवा फॉर्म मिळाला. ‘व्यवसाय’ या रकान्यात ग्रंथपालांनी तो शब्द लिहिला, जरा मोठ्याच अक्षरात, आणि खिडकीतल्या बाईला तो नीट वाचता येतोय ना, याची चौकशीही केली.

चित्रशाळेचं नवं वर्ष सुरू झालं त्या सोमवारी ती स्टुलावर परत बसली. आणि त्या सोमवारी, मध्ये दोनदा थांबून, ग्रंथपाल जिना चढले. सरांनी काही न विचारता मागच्या भिंतीशी एक खुर्ची ओढून दिली. उंच खिडक्या, रंगाच्या तेलाचा वास, कोळशाची खरखर. मधल्या ओट्यावर ती बसली होती, मांड्यांवर एक चादर, पाठ बोटभर उचललेली, खुबा किंचित खाली. कोणी न सांगता. आपणहून घेतलेली. ग्रंथपालांना वाटलं होतं मान खाली जाईल. ती गेली नाही.

पाऊण तासाने पुढच्या रांगेतली एक मुलगी कोळसा हातात धरून थांबली. “सर, कमरेपाशी ठिपके आहेत. बारीक. एकाखाली एक. बेंबीखाली पण दोन. ते घ्यायचे की सोडायचे?”

सरांनी ओट्याकडे पाहिलं. पुतळाताई पोझमध्ये होती. आभाळ कोसळलं तरी तिने उत्तर दिलं नसतं. वर्गात कोळशाची खरखर थांबली.

“मापाचे आहेत ते,” मागून आवाज आला. किरटाच, पण खोलीभर ऐकू गेला. ग्रंथपाल उभे राहिले होते. “माझ्या बायकोच्या उपचाराचे. खालचे तीन बरोबर जागी आहेत. वरचे तीन चुकीचे. ती चूक माझी आहे.” त्यांनी एकदा ओट्याकडे पाहिलं. “सगळे येऊ द्या.”

ओट्यावर काहीही हललं नाही. फक्त तोंडाचा डावा कोपरा, केसभर वर गेला आणि तिथेच थांबला. मुलीने घाईघाईने आधीची रेघ पुसली आणि तो कोपरा नव्याने काढायला घेतला.